कालांक आणि तारीख : संकेतस्थळांच्या साच्यांतील कालनिर्देशाचा भाषिक इतिहास

१

कालगणना आणि कालनिर्देश या दोन क्रिया व्यवहारात इतक्या एकरूप झालेल्या आहेत की त्यांच्यातील भेद सहसा ध्यानात येत नाही. गणना ही संख्येची बाब आहे. निर्देश ही भाषेची बाब आहे. एखाद्या निश्चित आरंभबिंदूपासून किती काळ लोटला हे सांगण्यास नुसता आकडा पुरतो. परंतु तोच काळ दुसऱ्या माणसास कळावा अशी इच्छा असेल, तर वार व मास यांची नावे, त्यांचा क्रम, त्यांना लागणारे प्रत्यय आणि ऐकणाऱ्याचे स्थळ या सर्वांचा आश्रय करावा लागतो. पंचांगकर्ता गणना करतो. कारकून, लेखक आणि मुद्रक निर्देश करतात. जोवर ही दोन्ही कामे माणसांच्याच हाती होती, तोवर त्यांच्यातील सांधा कोठे आहे हे शोधण्याचे कारण पडले नाही. संगणकाने गणना आपल्याकडे घेतली आणि हा सांधा उघडा पडला.

छापील नियतकालिकावरील तारीख कोणी तरी एकदा जुळविलेली असते आणि कागद टिकेल तोवर ती तशीच राहते. संकेतस्थळावरील लेखाच्या माथ्यावर दिसणारी तारीख मात्र, बहुतांशी, कोणीच लिहिलेली नसते. लेख प्रसिद्ध झाला त्या क्षणाची एक नोंद साठ्यात असते. वाचक पान उघडतो, तेव्हा पानाची मांडणी ठरविणारा साचा त्या नोंदीपासून एका सूत्राप्रमाणे तारीख घडवितो. उद्या साचा बदलला तर तीच नोंद निराळ्या रूपाने दिसेल. सूत्रात दोष असेल तर चुकीचीही दिसेल. या क्षणनोंदीस संगणकाच्या व्यवहारात 'टाइमस्टॅम्प' म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला 'कालांक' असे म्हटले आहे. कालांकापासून वाचनीय तारीख घडविण्याच्या सूत्रांत कोणत्या भाषेचे व्याकरण गृहीत धरले गेले, ते गृहीत कसे उघडकीस आले आणि मराठीसारख्या भाषेचा त्यात काय संबंध पोहोचतो, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

२

आज सर्वत्र रूढ असलेल्या कालांकाचे मूळ युनिक्स या कार्यप्रणालीत आहे. ही प्रणाली केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून रचावयास घेतली. तिच्या १९७१ च्या पहिल्या हस्तपुस्तिकेत काळ १ जानेवारी १९७१ च्या आरंभापासून, सेकंदाच्या साठाव्या भागात, मोजावा असे ठरविलेले आढळते. हा एकांश निवडण्याचे कारण तत्कालीन यंत्राच्या घड्याळाचा वेग हे होते. त्यात कालगणनेचा काही विशेष विचार नव्हता. बत्तीस द्विमान अंकांच्या जागेत या मापाने सुमारे ८२८ दिवसच मावतात. ही मर्यादा लवकरच जाचू लागली. आरंभबिंदू काही वेळा पुढेमागे सरकविण्यात आला आणि अखेर १ जानेवारी १९७० ची मध्यरात्र हा आरंभ व पूर्ण सेकंद हा एकांश अशी व्यवस्था स्थिर झाली.

या व्यवस्थेत प्रत्येक दिवस नेमका ८६,४०० सेकंदांचा मानलेला आहे. पृथ्वीच्या भ्रमणाशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून अधूनमधून घातलेले अधिक सेकंद तीत हिशेबात धरले जात नाहीत. म्हणजे हा कालांक शुद्ध खगोलीय नाही. तो व्यवहारापुरता योजलेला संकेत आहे. ९ सप्टेंबर २००१ रोजी त्याने १,००,००,००,००० हा आकडा गाठला. बत्तीस अंकी चिन्हयुक्त संख्येत तो १९ जानेवारी २०३८ पर्यंतच मावतो, म्हणून अलीकडच्या यंत्रांत चौसष्ट अंकांची जागा योजलेली आहे.

भाषेच्या अभ्यासकास या कालांकाचा एक गुण विशेष लक्षणीय वाटेल. त्याला मास नाही, वार नाही, सन नाही, धर्म नाही आणि भाषाही नाही. शालिवाहन शक, हिजरी सन, ख्रिस्ती सन या प्रत्येक गणनेच्या आरंभाशी कोणत्या तरी समाजाची स्मृती निगडित असते. १९७० च्या आरंभाशी तशी कोणतीही स्मृती निगडित नाही. आपल्या हस्तलिखितांच्या व शिलालेखांच्या अभ्यासकांना जो निरपेक्ष दिनांक जंत्रीच्या साह्याने मोठ्या कष्टाने काढावा लागतो, तो येथे आरंभीच हाती येतो. अडचण उलट दिशेची आहे. जुन्या कागदात तारीख असते आणि दिवस शोधावा लागतो. यंत्रात क्षण असतो आणि तारीख घडवावी लागते.

३

ही घडण प्रथम अतिशय साधी होती. युनिक्सवर वाढलेल्या 'सी' या भाषेत कालांकाचे रूपांतर करून एक ठरीव लांबीची ओळ देणारे कार्य उपलब्ध होते. तीत वाराची तीन अक्षरे, महिन्याची तीन अक्षरे, दिनांक, वेळ आणि वर्ष एवढे घटक ठरलेल्या क्रमाने येत. ही अक्षरे इंग्रजी होती आणि पुढे त्या भाषेच्या प्रमाणग्रंथातही ती इंग्रजीच राहिली. येथे भाषेचा प्रश्न सुटलेला नव्हता. तो उपस्थितच झालेला नव्हता. प्रयोगशाळेतील वाचक एकाच भाषेचे होते.

दुसरा टप्पा १९८९ च्या 'सी'च्या अमेरिकी प्रमाणग्रंथाने गाठला. त्यात 'स्ट्रफटाइम' या नावाचे कार्य सिद्ध झाले. त्याला कालाचे घटक आणि एक सूत्र असे दोन्ही पुरवावे लागते. सूत्रात शतमान चिन्हापुढे एकेक अक्षर लिहावयाचे. एक अक्षर पूर्ण महिन्याच्या नावाचे, एक वाराच्या नावाचे, एक चार अंकी वर्षाचे, याप्रमाणे. शिवाय महिन्यांची नावे कोणत्या भाषेतून घ्यावयाची हे निराळ्या व्यवस्थेने ठरविता येऊ लागले. शब्दसंग्रह सूत्राबाहेर निघाला, ही या टप्प्याची मोठी मिळकत होय. परंतु शब्दांचा क्रम आणि त्यांचे परस्परसंबंध सूत्र लिहिणाऱ्याच्याच हाती राहिले. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर कोश मोकळा झाला, वाक्यरचना मात्र बद्धच राहिली.

याच काळाच्या वारशातील एक लहानसा संकेत पुढे जगजाहीर झाला. 'सी'मध्ये वर्षाचा घटक १९०० वजा करून ठेवला जाई. १९८५ चे वर्ष ८५ असे. ही गणना होती, निर्देश नव्हता. पुष्कळ कार्यक्रमकारांनी मात्र तिला निर्देशाचा तुकडा समजून तिच्यापुढे '१९' ही दोन अक्षरे चिकटविण्याचा परिपाठ पाडला. संख्येत संख्या मिळवावयाची, तेथे अक्षरापुढे अक्षर ठेवले गेले. १ जानेवारी २००० रोजी हा घटक १०० झाला आणि अनेक पानांवर '१९१००' हे वर्ष अवतरले. अमेरिकेच्या नौदल वेधशाळेच्या संकेतस्थळाचाही त्यांत समावेश होता. ज्या संस्थेचे कालांक अचूक होते, तिच्याच पानावर तारीख चुकली. गणना व निर्देश यांच्यातील सांधा किती नाजूक आहे याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

४

संकेतस्थळांच्या रचनेत या सूत्रांचा प्रसार ज्या भाषेमुळे सर्वाधिक झाला ती पीएचपी होय. रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यातील 'डेट' या कार्याच्या सूत्रात 'एफ' हे अक्षर महिन्याच्या पूर्ण नावासाठी, 'जे' हे दिनांकाच्या अंकासाठी, मोठा 'वाय' हा चार अंकी वर्षासाठी योजिलेला आहे. या अक्षरमालिकेत 'एस' या मोठ्या अक्षराचे कार्य विशेष चिंतनीय आहे. दिनांकाच्या अंकापुढे 'स्ट', 'न्ड', 'र्ड' किंवा 'थ' यांपैकी योग्य तो इंग्रजी क्रमवाचक प्रत्यय उमटविणे, हे ते कार्य. या प्रत्ययाला अन्य भाषेत पर्याय देण्याची सोय तेथे नाही. एका विशिष्ट भाषेचा रूपविचार येथे यंत्राच्या सामान्य वर्णमालेत जाऊन बसला आहे.

मराठीच्या अंगाने पाहता हा प्रत्यय अन्य भाषेत नेणे का शक्य नाही हे सहज दिसते. इंग्रजीत क्रमवाचकाचे रूप केवळ संख्येवर अवलंबून असते. मराठीत पहिल्या चार संख्यांची रूपे, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, अनियमित आहेत, आणि पुढील 'वा' हा प्रत्यय विशेष्याच्या लिंगवचनाप्रमाणे व विभक्तीप्रमाणे बदलतो : पाचवी तारीख, पाचवा दिवस, पाचवे वर्ष, पाचव्या दिवशी. अंक कळला तरी प्रत्यय कळत नाही. पुढचे नाम कळावे लागते. सूत्रातील एका अक्षराला पुढचे नाम दिसत नसते.

वर्डप्रेस ही प्रकाशनप्रणाली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केली. २००५ च्या १.५ या आवृत्तीपासून २०१० पर्यंत तिच्यासोबत मिळणारा मूळ साचा 'क्युब्रिक' या नावाने ओळखला जाई. त्यात लेखाच्या मथळ्याखाली महिना, क्रमवाचक प्रत्ययासह दिनांक, स्वल्पविराम आणि वर्ष असे सूत्र प्रत्यक्ष साच्यातच लिहिलेले होते. हा साचा असंख्य लोकांनी घेतला आणि त्यावरून आपले साचे बेतले. त्यांच्यासोबत हे सूत्रही पसरले. अन्य भाषांच्या संकेतस्थळांवर त्याचा परिणाम चमत्कारिक होई. महिन्याचे नाव भाषांतराच्या कोशातून येई, म्हणून ते मराठी. अंक यंत्राचे, म्हणून ते इंग्रजी आकड्यांत. प्रत्यय सूत्राचा, म्हणून तोही इंग्रजी. आणि क्रम अमेरिकी, म्हणून महिना आधी व दिनांक नंतर. शब्द मराठी असूनही ती तारीख मराठी नव्हती.

या स्थितीतून बाहेर पडण्याचे तीन टप्पे वर्डप्रेसच्या इतिहासात स्पष्ट दिसतात. पहिल्यात सूत्र साचा रचणाऱ्याच्या हाती होते. दुसऱ्यात सूत्रही भाषांतरयोग्य मानले गेले. म्हणजे 'मार्च' या शब्दाप्रमाणेच 'महिना, दिनांक, वर्ष' हा क्रमही अनुवादकाने आपल्या भाषेस अनुरूप असा बदलून द्यावा, असा प्रघात पडला. तिसऱ्यात सूत्र साच्यातून वगळून संकेतस्थळाच्या चालकाने निवडलेल्या नियमावर सोपविले गेले. २०१० च्या 'ट्वेंटी टेन' या साच्यात तारखेचे कार्य कोणतेही सूत्र न देता बोलाविलेले आहे. साच्याने तारीख कोठे यावी एवढेच सांगावे, कशी यावी हे सांगू नये, हा विवेक येथे प्रस्थापित झाला.

जुन्या कार्यांतील एकाचा विशेष येथेच नमूद करण्याजोगा आहे. वर्डप्रेसचे 'द डेट' हे कार्य एकाच दिवशीच्या अनेक लेखांपैकी पहिल्यापुढेच तारीख उमटविते. उरलेल्यांपुढे ती जागा रिकामी राहते. नवशिक्यांना हा दोष भासतो. वस्तुतः तो रोजनिशीचा अवशेष आहे. आरंभीची वैयक्तिक संकेतस्थळे रोजनिशीच्या घाटाची होती. तारीख हा दिवसाचा मथळा असे, लेखाचा गुण नव्हे. प्रकाशनाचा घाट बदलला, तरी कार्याच्या वर्तनात तो जपला गेला. भाषेत लुप्त झालेली विभक्ती एखाद्या अव्ययात टिकून राहावी, तसाच हा प्रकार.

५

शब्द व क्रम मोकळे झाल्यावर विभक्तीचा प्रश्न उरला. रशियन, पोलिश इत्यादी स्लाव्ह भाषांत महिन्याचे नाव एकटे असता प्रथमेत असते आणि दिनांकाच्या मागोमाग आले असता षष्ठीत जाते. रशियनमध्ये मे महिना 'माय' असतो, परंतु पाच मे म्हणताना 'माया' असे रूप येते. बारा नावांचा एकच कोश अशा भाषेस पुरत नाही. वर्डप्रेसने डिसेंबर २०१५ च्या ४.४ या आवृत्तीत महिन्यांच्या षष्ठी रूपांची निराळी यादी घेतली आणि सूत्रात दिनांक महिन्याआधी आहे काय हे तपासून योग्य रूप घालणारे कार्य जोडले. त्याच कार्यात कातालान भाषेसाठी, स्वरादी महिन्यापूर्वीच्या 'दे' या शब्दातील स्वराचा लोप करण्याची तरतूद आहे. उदाहरणार्थ एप्रिलच्या नावापूर्वी. तारखेच्या छपाईत संधिनियम आला! लिनक्सच्या मूळ ग्रंथालयात महिन्याच्या दुहेरी रूपांची सोय फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली. प्रत्येक ठिकाणी क्रम एकच दिसतो : आधी इंग्रजीचा नियम सार्वत्रिक समजला जातो, मग अपवाद म्हणून दुसरी भाषा येते, आणि शेवटी अपवाद हाच सामान्य नियमाचा एक प्रकार होता असे कळून येते.

मराठीत ही अडचण तारखेपेक्षा सापेक्ष कालनिर्देशात अधिक तीव्रतेने जाणवते. अनेक साचे तारखेऐवजी 'इतक्या दिवसांपूर्वी' अशा अर्थाचे शब्द दाखवितात. वर्डप्रेसमध्ये दोन कालांकांतील अंतर शब्दांत देणारे कार्य आहे. ते '३ दिवस' किंवा '१ महिना' असा तुकडा देते आणि साचा त्यापुढे इंग्रजीतील 'अगो' या अर्थाचा शब्द जोडतो. इंग्रजीत हे तुकडे नुसते शेजारी ठेवले तरी वाक्य शुद्ध होते. मराठीत 'पूर्वी' हे शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपास लागते : दिवस, परंतु दिवसांपूर्वी, महिना, परंतु महिन्यापूर्वी, आठवडा, परंतु आठवड्यापूर्वी, वर्षे, परंतु वर्षांपूर्वी. तुकड्याला तुकडा जोडण्याच्या रीतीने '३ दिवस पूर्वी', '१ महिना पूर्वी' अशीच रूपे निघतात. ती समजतात, म्हणून ती चालून जातात. आणि नित्य डोळ्यांखालून गेल्याने ती हळूहळू शुद्धही वाटू लागतात. सामान्यरूप हे मराठीच्या नामविचाराचे मर्म आहे. त्याची झीज कोणा लेखकाच्या आळसाने नव्हे, तर दोन तुकड्यांमधील एका रिकाम्या जागेमुळे व्हावी, ही गोष्ट उपेक्षणीय नाही. येथे अनुवादकाचाही दोष नसतो. त्याच्या हाती 'दिवस' आणि 'पूर्वी' हे दोन स्वतंत्र तुकडे येतात. त्यांचा संयोग त्याला दिसतच नाही.

याच्या उलट, पूर्ण तारखेच्या बाबतीत मराठी अनपेक्षितपणे सुदैवी ठरते, आणि हे सुदैव तिच्या दफ्तरी परंपरेचे देणे आहे. 'दिनांक ५ माहे मार्च सन २०१० रोजी' या रचनेत एकही घटक विकार पावत नाही. 'माहे' हा फारसी शब्द आपल्या भाषेतील संबंधदर्शक स्वर सोबत घेऊन आल्यामुळे पुढील महिन्याचे नाव मूळ रूपात राहते. 'सन' हा अरबी शब्द वर्षापूर्वी येतो व वर्षास प्रत्यय लागू देत नाही. 'रोजी' या शब्दात अधिकरणाचा अर्थ आधीच सामावलेला असल्याने त्याच्या पूर्वीची संपूर्ण तारीख अविकृत राहू शकते. 'मार्चच्या पाच तारखेला' असे बोलणारा मराठी भाषक महिन्यास व तारखेस दोन प्रत्यय लावतो. 'मार्च ५ रोजी' असो की '५ मार्च रोजी' असो, लिहिणाऱ्यास एकही लावावा लागत नाही.

हा योगायोग नव्हे. मराठेशाहीतील कारकून हा तारखेचा साचाच वापरीत असे. पत्रातील काळ लिहिताना 'छ' या खुणेनंतर चांद्र तारखेचा अंक, मग मुसलमानी महिन्याचे नाव, मग सुहूर सन अरबी संख्याशब्दांत, अशी ठरीव चौकट त्याच्यासमोर असे. सुहूर सन ११६१ हा 'इहिदे सितैन मया व अलफ' असा, म्हणजे एकं, दशं, शतं, सहस्र या क्रमाने लिहिला जाई. पानिपतचा संग्राम, १४ जानेवारी १७६१, याच सनात येतो. लिहिणारा आणि वाचणारा या दोघांचीही बोली मराठी होती. तारखेची चौकट मात्र परभाषेची, आणि म्हणूनच मराठी विभक्तीपासून अलिप्त. परकी सूत्रे आपल्या लेखनात येणे ही आजचीच गोष्ट नाही. भेद इतकाच की ती चौकट भरणारा हात माणसाचा होता. वाक्याच्या ओघात चौकट बसत नसेल तर तो वाक्य बदलू शकत होता.

६

तारीख घडविताना भाषेइतकेच स्थळही लागते, हे साच्यांच्या इतिहासात पुष्कळ उशिरा पुरते ध्यानात आले. कालांक सर्व पृथ्वीवर एकच असतो, तारीख नसते. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले. भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे त्या दिवसाच्या आरंभाचा कालांक उणे ३०,५१,८४,६०० असा येतो. हाच आकडा विश्वसमन्वित वेळेने वाचणाऱ्या यंत्राला दिला तर ते ३० एप्रिल १९६०, सायंकाळचे साडेसहा असे उत्तर देईल. गणनेत चूक नाही. तरीही महाराष्ट्र दिन एप्रिलमध्ये जातो. परदेशातील यंत्रावर ठेवलेल्या आणि स्थळाचा नियम न सांगितलेल्या कोणत्याही भारतीय संकेतस्थळावर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या अवधीत प्रसिद्ध झालेला प्रत्येक लेख असाच एक दिवस मागे पडू शकतो.

वर्डप्रेसने लेखाची स्थानिक वेळ व ग्रीनिचची वेळ अशा दोन नोंदी ठेवल्या, हे दूरदर्शीपणाचेच होते. परंतु तिच्या अंतर्गत व्यवहारात स्थानिक अंतर मिळवून तयार केलेला एक कृत्रिम कालांकही वापरात होता. भारतासाठी त्यात १९,८०० सेकंद अधिक असत. असा आकडा खऱ्या कालांकासारखाच दिसे, पण तो निराळा क्षण दाखवी. दोन कार्यांनी स्थळाचे अंतर दोनदा मिळविले की तारीख सरकत असे. नोव्हेंबर २०१९ च्या ५.३ या आवृत्तीत खऱ्या कालांकावर चालणारे आणि स्थळाचा नियम वेगळा मागणारे नवे कार्य आले व जुन्या रीतीस निवृत्ती सुचविण्यात आली. कालांकात स्थळ मिसळू नये. तारीख घडवितानाच ते जमेस धरावे, हा धडा त्यातून निघाला.

स्थळांच्या नियमांचा जो जागतिक कोश यंत्रे वापरतात, त्यात भारतासाठी एकच नोंद आहे आणि ती कोलकात्याच्या नावाने आहे. १९७० नंतरचे व्यवहार बिनचूक व्हावेत एवढेच त्या कोशाचे अभिवचन असल्याने प्रादेशिक इतिहासाचे सर्व तपशील त्यात येत नाहीत. मुंबई शहरात भारतीय प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत चालू होती. या कोशावर चालणाऱ्या यंत्राला ती ठाऊक नाही. जुन्या मुंबईच्या कागदपत्रांतील वेळा अशा यंत्राकडून कालांकात उतरवून घेणाऱ्या संशोधकाने हे स्मरणात ठेवणे अगत्याचे आहे.

७

या सर्व खटाटोपातून गेल्या दोन दशकांत एक नवी भूमिका स्थिर झालेली आहे. भाषांच्या कालनिर्देशाची माहिती प्रत्येक साच्यात वा प्रणालीत विखरून न ठेवता एका सामायिक भांडारात साठवावी, ही ती भूमिका. असे भांडार २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि २००४ पासून युनिकोड कन्सॉर्शियमच्या व्यवस्थेखाली आहे. त्यात महिन्याच्या नावाची एकटे व वाक्यगत अशी दोन रूपे धरलेली आहेत. मराठीसाठी देवनागरी अंक हे मूलभूत मानलेले आहेत आणि दिनांक, महिना, स्वल्पविराम, वर्ष असा क्रम दिलेला आहे. सापेक्ष कालनिर्देशासाठी तर तुकडे न देता पूर्ण रूपेच नोंदली आहेत : एकासाठी 'दिवसापूर्वी', अनेकांसाठी 'दिवसांपूर्वी'. सामान्यरूप यंत्राला शिकविण्यात आलेले नाही. ते जेथे लागते तो संपूर्ण शब्द त्याच्या हाती दिला आहे. ब्राउझरांना हे भांडार थेट वापरता यावे असे प्रमाण डिसेंबर २०१२ मध्ये सिद्ध झाले. पीएचपीनेही नोव्हेंबर २०२१ च्या ८.१ या आवृत्तीत आपले 'स्ट्रफटाइम' वर्ज्य ठरवून याच दिशेकडे बोट दाखविले. ते कार्य यजमान यंत्रावर कोणत्या भाषांची माहिती बसविली आहे यावर विसंबून असल्याने एकच साचा एका ठिकाणी मराठी व दुसऱ्या ठिकाणी इंग्रजी महिने दाखवीत असे.

राष्ट्रीय पंचांगाचीही दखल या भांडारात आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७, अर्थात १ चैत्र १८७९, या दिवसापासून भारत सरकारने ते स्वीकारले. त्याची वर्षगणना सौर व नियमबद्ध असल्यामुळे कालांकावरून शक तारीख काढणे यंत्रास अवघड नाही. मराठी संकेतस्थळांवर ती क्वचितच दिसते. याचे कारण यांत्रिक नसून सामाजिक आहे.

पानाच्या रचनाभाषेतही गणना व निर्देश यांच्या विभक्तपणास मान्यता मिळाली. 'टाइम' या खुणेत वाचकासाठी भाषिक तारीख आणि यंत्रासाठी वर्ष, महिना, दिनांक अशा क्रमाची आंकिक तारीख शेजारी शेजारी ठेवता येते. हा आंकिक क्रम आयएसओ ८६०१ या १९८८ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा आहे. २०११ मध्ये ही खूण प्रमाणाच्या मसुद्यातून वगळण्यात आली, परंतु आक्षेपांनंतर ती लवकरच परत घेतली गेली व २०१४ च्या प्रमाणात कायम झाली. ज्या वाचकाला '५/३' म्हणजे पाच मार्च की तीन मे हा संभ्रम पडतो, त्याला तो दूर करण्याचे साधन पानाच्या पोटातच यामुळे मिळते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला चिकित्सेविषयी. संकेतस्थळावरील लेखाचा आधार देताना पानावर दिसणारी तारीख ही लेखाचा अंगभूत भाग समजून उतरून घेणे अनेक वेळा अयोग्य ठरेल. ती पाहण्याच्या क्षणी, त्या क्षणीच्या साच्याने केलेली रचना असते. 'तीन दिवसांपूर्वी' हा निर्देश तर चौथ्या दिवशीच निरर्थक होतो. जुन्या कागदाची तारीख तपासताना लेखनिकाची रीत, सन आणि स्थळ यांची चौकशी करण्याची आपल्या इतिहाससंशोधनाची परंपरा आहे. तीच चौकशी येथे साच्याची, सूत्राची आणि स्थळनियमाची करावी लागेल, आणि शक्य तेथे पानाच्या पोटातील आंकिक तारीख नोंदून घ्यावी लागेल.

दुसरा निष्कर्ष भाषेविषयी. कालांकापासून तारीख घडविण्याचा हा इतिहास सुधारणांचा आहे खरा. पण प्रत्येक सुधारणा कोणत्या ना कोणत्या भाषेच्या जाणकाराने 'आमच्याकडे असे बोलत नाहीत' असे लेखी कळविल्यानंतरच शक्य होते. षष्ठीतला रशियन महिना किंवा कातालानचा लुप्त स्वर यंत्राच्या प्रतिभेतून प्रकट झालेला नाही. वर उल्लेखिलेले सामायिक भांडारही भाषकांच्या सूचना व दुरुस्त्या स्वीकारते. मराठी तारखेतला स्वल्पविराम असावा की नसावा, महिन्याचे संक्षिप्त रूप कोणते घ्यावे, 'रोजी' कोठे योजावा, हे प्रश्न क्षुल्लक म्हणून सोडून दिले तर त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून राहत नाहीत. ती फक्त दुसऱ्या भाषेच्या सवयीप्रमाणे मिळतात आणि लक्षावधी पानांवर एकाच वेळी उमटतात. व्याकरणाच्या अभ्यासकांसाठी हे काम लहान आहे, परंतु ते त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणास करता येण्यासारखे नाही.